राहिलेले नमस्कार

कुवेतला सबाह अल-सालेममधल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात देव आणि फ्रिज समोरासमोर होते, आणि घर चालायचं ते फ्रिजच्या भरवशावर. देव बिचारे स्वयंपाकघरातल्या एका कपाटात होते, दार लावलं की दिसायचेही नाहीत. फ्रिजवर मात्र आईच्या ड्युटीचा महिन्याभराचा कागद चार लोहचुंबकांनी पसरून लावलेला असायचा. आई सरकारी इस्पितळात डायलिसिसच्या वॉर्डात नर्स होती, तिची ड्युटी सकाळ, दुपार, रात्र अशी फिरती. बाबा तासभर लांब जहराला एका खासगी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते आणि त्यांची ड्युटी तुटकी होती, सकाळी आठ ते बारा आणि मग चार ते आठ. मधल्या चार तासांत घरी येऊन परत जायचं म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, म्हणून ते तिकडेच दवाखान्याच्या मागच्या खोलीत चटई टाकून पडायचे. राहिले मी. शाळेची व्हॅन मला पावणेदोनला खाली सोडायची, आणि आईची दुपारची ड्युटी असली तर त्यानंतर थेट बाबा येईपर्यंत घरात मी आणि फ्रिज.

जेवण ओट्यावर झाकून ठेवलेलं असे. आम्ही चिपळूणकडचे, त्यामुळे कुळथाचं पिठलं आणि उकड्या तांदळाचा भात, किंवा आईला सुट्टी असलेल्या आठवड्यात तळलेली झुबैदी. झुबैदी म्हणजे आपलं पापलेटच, पण बाबा कुवेतला आल्यापासून त्याला झुबैदीच म्हणायचे आणि चिपळूणला गेल्यावरही कोळणीकडे झुबैदी मागून स्वतःचं हसं करून घ्यायचे. झाकणावर चिठ्ठी. 'आधी हात धू. गरम करून खा. दार कोणालाही उघडू नको. जमइयातून दही आणायचं नाही, मी आणते.' जमइया म्हणजे कोपऱ्यावरचं सहकारी दुकान, चार मिनिटांवर, पण तेवढंही एकटीने जायची परवानगी नव्हती. मी चिठ्ठी मोठ्याने वाचायचे, घरात कुणाचा तरी आवाज हवा म्हणून. एसीची घरघर, वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी शिवणयंत्राची खडखड, लिफ्टचं दार, दुपारची बांग. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की मी उगाच दाराशी जाऊन उभी राहायचे. आता माझ्या वयाच्या बायका 'मला जरा एकटीला वेळ हवा' म्हणतात तेव्हा मी गप्प बसते. मला तो एवढा मिळाला आहे की वाटून संपणार नाही.

मी बारा वर्षांची झाले त्या उन्हाळ्याच्या आधी बाबांनी जेवताना विषय काढला. "सुमाताईशी बोललोय. ती म्हणते, अनूला रत्नागिरीला पाठव. तिथल्या शाळेचा फॉर्म ती आणून ठेवते." सुमाताई म्हणजे माझी आत्या. मायाळू बाई, पण मला तिचं घर म्हणजे दर सुट्टीतले चार दिवस एवढंच ठाऊक.

"पोरगी काय ओझं झालीय का?" आई म्हणाली.

"ओझं कोण म्हणतंय? रोज सहा-सहा तास कुलपात असते ती. काही झालं तर? गॅस राहिला, घसरून पडली? तू वॉर्डात, मी जहराला. फोन लावला तरी यायला तास."

बाबांचं चुकत होतं असंही नाही, आणि तेच वाईट होतं. मी इंग्रजीत म्हणाले, "आय डोंट वाँट टू गो." आई म्हणाली, "मराठीत बोल गो." मराठीत मला ते म्हणता येईना, कारण मराठीत म्हटलं असतं तर मी रडले असते. शेवटी असं ठरलं की उन्हाळा जाऊ दे. तोवर दुपारची काही सोय लागली तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतरची शाळा आत्याकडे.

ती सोय आईच्या वॉर्डातल्या लिसीआँटीने सुचवली. बर्फाच्या रिंकवर उन्हाळी वर्ग असतो, दुपारी दोन ते सहा, व्हॅन घरून नेते आणि आणून सोडते. आईला स्केटिंगशी काडीचं देणंघेणं नव्हतं, तिला पाळणाघर हवं होतं, आणि हे पाळणाघर थंड होतं. बाहेर पन्नास अंशांचा भट्टीसारखा वारा, आणि मी व्हॅनमध्ये मांडीवर स्वेटर, कानटोपी आणि दोन जोड लोकरी मोजे घेऊन बसलेली. ते मोजे बाबा कधीतरी महाबळेश्वरला जाऊ म्हणून घेऊन आले होते, महाबळेश्वर काही झालं नाही. पहिल्या दिवशी दार ढकलल्यावर जो गारवा तोंडावर आला आणि ओल्या लोखंडासारखा जो वास आला, तो मला अजून आठवतो. पहिला आठवडाभर मी कडेच्या फळ्या धरून चालले. माझे स्केट बोथट आहेत अशी तक्रार मी तीनदा केली आणि तिन्ही वेळा तिथल्या माणसाने पाती बोटाने तपासून मला परत दिले. नाचता येईना अंगण वाकडं. मग एके दिवशी फळी सुटली आणि मी पडले नाही.

वेग हा प्रकार मला माहीतच नव्हता. घरात दहा पावलांत भिंत येई, शाळेत मैदानावर ऊन म्हणून सोडत नसत. इथे दोन पावलं ढकलली की सगळं मागे जायचं. एकटीने करायची गोष्ट असूनही तिथे एकटं वाटत नसे, याचं कारण मला आजही नीट सांगता येत नाही. ऑगस्टमध्ये फहद कोचनी मला पाहिलं. ते मुलांच्या आइस हॉकी संघाला शिकवायचे. कुवेती माणूस, पोट सुटलेला, गुडघ्याला कायम पट्टा, आणि बोलणं इंग्रजी, अरबी आणि सिनेमांतून उचललेल्या हिंदीचं मिश्रण. फळीवर दोन थापा मारून ते म्हणाले, "शुफ, देखो, लडकी. तुम भागता अच्छा. स्टिक पकडेगा?" मी मान हलवली. पडत्या फळाची आज्ञा.

सामान जुनं, देश सोडून गेलेल्या घरांतलं. हेल्मेट माझ्या डोक्याहून मोठं, आत आईने स्पंज शिवून दिला. घामाचा वास एवढा की आई ते सगळं बाल्कनीत टाकायची आणि अर्ध्या तासात कडकडीत वाळायचं. धुळीचं वादळ आलं की मात्र पुन्हा धुणं. मला डाव्या बाजूला, विंगवर ठेवलं. म्हणजे पुढे पळणारी, मधल्या खेळाडूकडून पक घेऊन गोलावर नेणारी. पक म्हणजे काळ्या रबराची चकती, बिस्किटाच्या पुड्याएवढी जाड. मधला खेळाडू करीम, लेबनॉनचा, माझ्याहून वर्षाने मोठा आणि बोलायला फटकळ. पळण्यात मी त्याला दुसऱ्याच आठवड्यात मागे टाकलं. कानामागून आली आणि तिखट झाली, अशा नजरेने पोरं बघायला लागली होती. पण ते फार दिवस टिकलं नाही, कारण माझं दुखणं लवकरच सगळ्यांना कळलं.

ते असं. आमच्या घरात कुणाला पाय लागला की लगेच वाकून त्याला हात लावायचा आणि तो हात छातीला न्यायचा. माणूस, पुस्तक, ताट, झाडू, काहीही. आई मला हे कधी शिकवत बसली असेल असं वाटत नाही, बोलायला यायच्या आधीपासूनच ते माझ्या हातात होतं. तुमच्याही असेल. आता ही सवय घेऊन बर्फावर हॉकी खेळून बघा. तिथे दर अर्ध्या मिनिटाला कुणाचा तरी पाय कुणाला तरी लागतो. माझा स्केट समोरच्याच्या स्केटला लागला की माझा उजवा हात आपोआप स्टिक सोडायचा, त्याच्या खांद्याला किंवा गुडघ्याला स्पर्श करायचा आणि परत येऊन माझ्या छातीवर टेकायचा. हातमोजा फुगलेल्या उशीएवढा, त्यामुळे हे सगळं लांबूनही व्यवस्थित दिसायचं. तेवढ्यात पक गेलेला असायचा. पहिल्यांदा एका कॅनडाच्या मुलाला वाटलं मी त्याची टर उडवतेय, त्याने मला ढकललं. पडता पडता माझा पाय त्याला पुन्हा लागला आणि मी बर्फावर बसल्या बसल्या पुन्हा नमस्कार केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून खरं कुठे झालं नसेल.

आठवड्याभरात माझं नाव सॉरी पडलं. "सॉरीला पास देऊ नका." "सॉरी, बाकावर बस." करीम कपडे बदलायच्या खोलीत छातीवर हातमोजा टेकवून सगळ्यांना वाकून दाखवायचा आणि पोरं हसून लोळायची. मीही हसायचे, कारण न हसणं जास्त दिसलं असतं. अनघा हे नाव तिथे कुणालाच माहीत नव्हतं. व्हॅनमध्ये शेवटच्या बाकावर बसून घरी येताना मला वाटायचं, घरी कुणी हाक मारायला नाही आणि इथे हाक मारतात ती अशी.

सप्टेंबरात उन्हाळी वर्ग संपला आणि रिंकवर दुपारी फक्त संघाच्या मुलांना येता येईल असं ठरलं. मुलं सोळा, जागा बारा. आठवड्यातून चार दुपारी सराव. महिन्याने एका शुक्रवारी दुसऱ्या संघाशी सामना, आणि त्या संध्याकाळी फहद कोच यादी सांगणार. घरी मी हे सांगितलं तेव्हा बाबांनी बोटं मोजली. चार दुपारी सराव, शुक्रवारी सुट्टी. उरल्या दोन. "यादीत नाव आलं तर राहा," ते म्हणाले. "दोन दुपारी लिसी बघेल. नाही आलं तर मात्र हट्ट करायचा नाही, अनू. सुमाताईने फॉर्म भरून ठेवलाय, मी फक्त सही करायची." बाबा शब्दाचे पक्के. दोन्ही बाजूंनी.

दुसऱ्या दिवशी मी फहद कोचकडे गेले आणि माझ्या शाळेतल्या हिंदीत सगळं सांगितलं. की हमारे में पैर लगता है तो ऐसे करते हैं, मैं नहीं करती, हाथ करता है. ते फळीवर टेकून शांतपणे ऐकत राहिले. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "हमारा भी ऐसा है. जूता किसी को दिखाया तो बहुत खराब. मेरी उम्मी चप्पल उल्टा पडा देखा तो भाग के सीधा करती." मग त्यांनी माझा स्केट उचलून पातं दाखवलं. "लेकिन ये जूता नहीं है. ये चाकू है. चाकू चलता है तब हाथ छोडा, तो तुम भी गिरेगा, वो भी कटेगा. सॉरी बाद में. दोनों हाथ स्टिक पे." आणि त्यांनी खिशातून स्टिकला गुंडाळायची पांढरी चिकटपट्टी काढली आणि माझे दोन्ही हातमोजे स्टिकला गुंडाळून टाकले. आजकाल कुठल्या शिक्षकाने असं केलं तर पालक वकील घेऊन येतील. माझे पालक ड्युटीवर होते.

त्या दुपारी मी हात बांधलेल्या अवस्थेत नऊ वेळा पडले. पाय लागायचा, हात ओढ घ्यायचा, पट्टी धरून ठेवायची, आणि मी तोंडावर. पण मला त्रास पडण्याचा नव्हता. घरी आल्यावर जेवण जाईना. काहीतरी अर्धवट टाकून आल्यासारखं वाटत होतं, नळ चालू राहिल्यासारखं. घरात कुणी नव्हतं. मी स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं, देवांपुढे उभी राहिले आणि दुपारी ज्यांना ज्यांना पाय लागला त्यांची तोंडं आठवायला लागले. करीम, दोनदा. कॅनडावाला. गोलात उभा राहणारा जाड मुलगा, त्याच्या स्टिकवर माझा स्केट पडला होता, तीही धरायची की नाही? धरली. एकेकाला एकेक नमस्कार. सतरा झाले. मग भूक लागली आणि मी पिठलं गार असतानाच खाल्लं. कोच म्हणालेच होते, सॉरी बाद में.

मग हे रोजचंच झालं. सराव, व्हॅन, कपाट. हे मी कुणाला सांगितलं नाही. आईला सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं, पोरगी एकटी राहून राहून भ्रमिष्ट झाली, आणि बाबांनी त्याच दिवशी सही केली असती. मला स्वतःलाही ते फारसं शहाणपणाचं वाटत नव्हतं. पण घरी जाऊन करायचंच आहे म्हटल्यावर हात हळूहळू निवांत झाला. दुसऱ्या आठवड्यात कोचनी पट्टी एकाच हाताला लावली, तिसऱ्या आठवड्यात काढली. हात स्टिकवर राहिला आणि मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली, जी इतके दिवस खाली बघण्यात दिसली नव्हती. बचाव करणारा मुलगा वळायच्या आधी खांदा टाकतो. करीम पास द्यायच्या आधी ओठ चावतो. पक पायाजवळ आला की घाबरायचं नाही, तो पात्याच्या कडेने पुढे सारून स्टिकवर घ्यायचा. घरी दुपारी मी मोज्याचा बोळा करून लाटण्याने तो बैठकीच्या खोलीत फिरवायचे, सोफ्याच्या पायांमधून, चपलांच्या कपाटाखालून. वरची शिवणयंत्रवाली बाई खाली येऊन दार वाजवून गेली. मी उघडलं नाही, चिठ्ठीत तसं लिहिलं होतं ना.

नाव मात्र सॉरीच राहिलं. मी नीट खेळायला लागले म्हणून कुणी शेजारी येऊन बसलं असं झालं नाही. पास मिळायला लागले, बोलणं नाही. हे मला त्या वयात अन्याय वाटायचं. आता वाटतं, मीही कुठे कुणाशी बोलत होते? मी तर त्यांच्या तोंडांची यादी पाठ करत असायचे, संध्याकाळच्या कामाची म्हणून.

सामन्याच्या शुक्रवारी बाबांना नेमकी जादा ड्युटी होती. आईची सकाळची, सात ते दोन. सामना चारला. "मला जमेलसं वाटत नाही गो," ती आदल्या दिवशी म्हणाली होती, "वॉर्डात माणसं कमी आहेत, दोननंतरही थांबावं लागेल." त्यामुळे खेळ सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी बाकांवर मला तिचा पांढरा युनिफॉर्म दिसला तेव्हा मी क्षणभर पक विसरले. ती टॅक्सी करून थेट वॉर्डातून आली होती. थंडीची कल्पना नव्हती, म्हणून खांद्यावर इस्पितळातलीच एक निळी चादर. मला खेळताना तिने कधीच पाहिलं नव्हतं. कोचसमोर हात सुटला तर नाव जाणार होतं, आणि आईसमोर हात सुटला नाही तर काय होणार होतं ते मला माहीत नव्हतं.

शेवटची तीन-चार मिनिटं राहिली असताना दोन-दोन अशी बरोबरी होती. करीमने ओठ चावला आणि मी त्याच्या आधी निघाले. पास माझ्या पुढे, बरोबर जिथे हवा तिथे. समोर एकच बचाव करणारा, माझ्या दीडपट, आणि तो मला अडवायला आडवा घसरत आला. मी उडी मारली. पूर्ण जमली नाही. माझ्या स्केटचं टोक त्याच्या खांद्यात बसलं, दण्णकन, आणि त्याच्या तोंडातून हवा गेल्याचा आवाज मला हेल्मेटमधूनही ऐकू आला. माझ्या उजव्या हाताने ओढ घेतली. ती ओढ मला अजून आठवते. पण हात स्टिकवरच राहिला. मी मारलं, गोलकीपरने पायाने अडवलं, पक परत माझ्याकडे आला आणि दोन्ही हात जागेवर होते म्हणून मी लगेच दुसऱ्यांदा मारू शकले. तो आत गेला.

सगळे माझ्यावर येऊन पडले. करीम हेल्मेटवर थापा मारत "अना! अना!" ओरडत होता. माझं नाव त्याला कुठून कळलं कोण जाणे, की कळलेलंच होतं इतके दिवस. पहिल्यांदाच मला कुणी मिठी मारत होतं आणि मी त्यांच्या खांद्यांवरून मागे बघत होते. तो मुलगा उठला नव्हता. आणि माझी आई फळीचं दार उघडून, इस्पितळातल्या पांढऱ्या बुटांनी, बर्फावर घसरत, एका हाताने चादर धरून त्याच्याकडे चालत निघाली होती. कुणी तिला अडवलं नाही, युनिफॉर्म बघून अडवतही नाहीत. तिने गुडघे टेकले, त्याचा खांदा चाचपला, बोटं हलवायला लावली, डोळ्यांत बघितलं. "माफी मुश्किल, हबीबी, माफी मुश्किल," ती म्हणत होती, काही नाही झालं, काही नाही. त्याचा फक्त श्वास अडकला होता. तो उठून बसला आणि आईने त्याची पाठ चोळली. मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. पण तिने ते पाहिलं होतं, पाय लागलेला आणि मी पुढे गेलेली.

यादीत माझं नाव चौथं होतं. फहद कोच आईजवळ येऊन कौतुकाने म्हणाले, "सिस्टर, आपका लडकी बहुत अच्छा. अभी बिलकुल सॉरी नहीं बोलता!" आई म्हणाली, "शुक्रन." मग तिने बाबांना जहराला फोन लावला. पलीकडून लॅबमधलं मशीन फिरल्याचा आवाज येत होता. बाबा म्हणाले, "बरं. मग सुमाताईला फॉर्म फाडून टाकायला सांगतो." एवढंच. आईने फोन पर्समध्ये टाकला, डोळे पुसले, आणि थंडीने नाक वाहतंय असं मला सांगितलं.

टॅक्सीत ती खिडकीकडे बसली. मी म्हणाले, "आई, त्याला पाय लागला माझा."

"बघितलं मी."

"मला थांबता येत नाही तिथे. कोच ओरडतात. पण मी नंतर करते. घरी. सगळ्यांचे एकदम, कपाटापुढे." आणि मग सगळंच बाहेर आलं, पट्टी, सतरा नमस्कार, गोलकीपरची स्टिक, सॉरी हे नाव, सगळं. "मला वेड नाही लागलंय. बाबांना सांगू नकोस."

आई माझ्याकडे सरकली. मग पुढे बसलेल्या टॅक्सीवाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली करून म्हणाली, "आज सकाळी एक आजोबा गेलेच होते आमच्या हातून. मशीनवर असतानाच. मला त्यांच्या पलंगावर चढायला लागलं. गुडघे त्यांच्या दोन बाजूंना, पाय त्यांच्या अंगाला लागतायत, आणि मी छाती दाबतेय. तेव्हा कसला नमस्कार? हात काढला असता तर ते गेले असते गो."

"वाचले?"

"वाचले. मी निघाले तेव्हा डोळे उघडून बघत होते."

"मग तू कधी करतेस?"

"इस्पितळाच्या बसमध्ये. खिडकीकडे तोंड करून, कोणाला दिसू नये म्हणून. किती वर्षं झाली." ती हसली, आणि हसताना पदर नसल्याने चादरीचं टोक तोंडाला लावलं. "आज बस चुकवून तुझ्याकडे आले. त्यामुळे राहिलेत अजून."

माझी आई बसमध्ये एकटी, आणि मी स्वयंपाकघरात एकटी, आणि दोघी एकमेकींपासून लपवत होतो. मला इतका राग आला की मी रडायला लागले. राग कुणाचा, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. ड्युटीच्या कागदाचा असेल. आई आता नाही, आणि तिच्या बसमधल्या त्या सगळ्या संध्याकाळी कुणाकुणाच्या नावाने गेल्या, हे तिला विचारायचं राहून गेलं.

घरी पोचल्यावर तिने बूट काढले, हात धुतले आणि कपाटाचं दार उघडलं. आम्ही दोघी शेजारी उभ्या राहिलो. तिच्या अंगाला इस्पितळाचा वास होता, माझ्या अंगाला हेल्मेटचा.

"तुझे किती?" तिने विचारलं.

"अकरा. नाही, बारा. तो मुलगा धरून."

"माझे तीन," ती म्हणाली.

तिचे लवकर झाले. माझे होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.